वर्गणी मागतोय, पण गणपतीची नाही

परळ विभागातील सर्व रहिवासी, दुकानदार, सोसायट्या आणि माहेर-सासर इथलं असलेल्या सगळ्यांना सप्रेम नमस्कार.

ऐन मे महिन्यात आपल्या मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात आली की कपाळाला आठी पडणार, हे माहीत आहे. अजून पाटपूजन नाही, मूर्तीचा पत्ता नाही आणि वर्गणी कसली? म्हणून आधीच सांगतो. ही वर्गणी चाळीस लोखंडी लॉकरसाठी आहे. मंडळाच्या गोदामात, डेकोरेशनचे बांबू ठेवतो त्याच्या डाव्या भिंतीला ते बसतील. वापरणारे आपल्या पुलाखाली आणि हॉस्पिटलच्या फुटपाथवर झोपणारे लोक. पाऊस महिन्यावर आलाय, त्याच्या आत काम व्हायला हवं.

लॉकरच का, हे समजायला एक रात्र सांगतो. फेब्रुवारीतली. मंगळवार-शनिवार आम्ही पाच-सहा जण रात्री चहाचं थर्मास आणि ड्रेसिंगचा डबा घेऊन फिरतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. दीडच्या सुमाराला कुणीतरी ओरडलं, "गाडी आली!" पाच मिनिटांत फुटपाथ रिकामा. ज्यांना पळता आलं ते पळाले, सामान राहिलं ते गाडीत गेलं. गाडी कुणाची ते लिहीत नाही, भांडण वाढवायचं नाही. सकाळी एक गृहस्थ आमच्या शटरपाशी येऊन बसले. बिहारहून आलेले, जबड्याचा कॅन्सर, किमो चालू. गोधडीचं त्यांना काहीच नव्हतं. गोधडीत गुंडाळलेली फाइल गेली होती. त्यात केसपेपर, बायोप्सीचा रिपोर्ट, आधार आणि पुढच्या तारखेचा कागद. फाइलची दुसरी प्रत मिळवायला त्यांना अकरा दिवस लागले, तारीख हुकली. त्यांच्या शेजारी झोपणारा एक माणूस तेव्हापासून प्लास्टिकची पिशवी घोट्याला सुतळीने बांधून झोपतो. एकदा जाऊन बघा, पिशवीत पैसे नसतात, कागद असतात.

पुलाखाली झोपतो तो गर्दुल्लाच, असं आपण सरसकट म्हणतो. मीही म्हणायचो. प्रत्यक्षात टाटा आणि केईएम हॉस्पिटलच्या आसपास झोपणाऱ्यांत देशभरातून आलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक भरपूर आहेत. लॉज परवडत नाही, धर्मशाळेत नंबर लागत नाही. दुसरे नाक्यावर उभे राहणारे, कॅटरिंगला जाणारे, हमाली करणारे. हातात रोजचा रोजगार आहे, डोक्यावर छप्पर नाही. आणि तिसरे खरंच नशेत असलेले. त्यात गर्दवाले, म्हणजे ब्राउन शुगर ओढणारे, आता म्हातारे झालेत. पोरं एमडीवर (मेफेड्रोन), बटणावर (झोपेच्या गोळ्या), अगदी लहान असतील तर पंक्चरच्या सोल्युशनवर. एका बारा-तेरा वर्षांच्या मुलाला विचारलं, का रे ओढतोस? म्हणाला, "भूक मरते ना काका." रुमाल नाकाला लावलेलाच होता.

हे तिन्ही प्रकारचे लोक एकाच गाडीला घाबरतात. आणि ती गाडी कधी येते याचं वेळापत्रक आम्हाला आता पाठ झालंय. कुणी मोठा पाहुणा शहरात यायचा असला की येते. २०२२ च्या डिसेंबरात जी-२० च्या बैठका मुंबईत झाल्या, त्याच सुमाराला महापालिकेने सुमारे १,७०० कोटींचा सुशोभीकरणाचा कार्यक्रम काढला. पुलाखाली कुंड्या आल्या, खांबांवर चित्रं आली, जाळ्या बसल्या. चित्रं छान आहेत, खोटं कशाला बोलू. पण जाळीच्या आत झोपणारे गेले कुठे? सिग्नल ओलांडून पलीकडे. दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत. तिकडच्या सोसायटीने तक्रार केली की परत इकडे. टॉवरचा सेक्रेटरी पुढाऱ्याला फोन करतो, पुढारी साहेबांना करतो, साहेब गाडी पाठवतात आणि आठ दिवस सगळे खूश असतात. या साखळीत वाईट माणूस असा कुणी नाही. प्रत्येकाने आपल्या हद्दीपुरता विचार केला, एवढंच.

त्यात मधली जवळजवळ चार वर्षं आपल्याला नगरसेवकच नव्हता. ७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली, प्रशासक बसला, आणि निवडणूक झाली थेट १५ जानेवारी २०२६ ला. गटार तुंबलं तर माणूस वॉर्ड ऑफिसात जाऊन भांडतो. फुटपाथवरचा माणूस कुणाशी भांडणार? एक अगदी बारीक गोष्ट सांगतो, ती आम्हालाही उशिरा कळली. ज्याच्याकडे पत्त्याचा कुठलाच कागद नाही, त्याला आधारसाठी ठराविक नमुन्यात प्रमाणपत्र लागतं. त्यावर आमदार, खासदार, नगरसेवक, राजपत्रित अधिकारी, निवाऱ्याचा प्रमुख अशा कुणाची तरी सही चालते. आता खासदार आणि राजपत्रित अधिकारी फुटपाथवरच्या माणसाला कुठे भेटणार? त्यातल्या त्यात गल्लीत सापडणारा म्हणजे नगरसेवक, आणि तोच शहरभरातून गायब. चार वर्षं आम्ही एका सहीसाठी हेलपाटे घातले.

निवडणुकीनंतर आम्ही निवडून आलेल्यांना भेटायला गेलो. मोठेपणाने ऐकून घेतलं, चहा दिला. मग विचारलं, "यातले मतदार किती?" प्रश्न उद्धट नव्हता, हिशेबी होता. आम्ही मोजून आलोच होतो: त्र्याऐंशी माणसांत तिघे. तिथे बोलणं संपलं.

तेव्हापासून मंडळात हीच चर्चा चालू आहे. मतदार व्हायला घर लागत नाही. मतदार नोंदणीचा फॉर्म ६ भरायचा, झोपायची जागा पत्ता म्हणून लिहायची. बीएलओने, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याने, रात्री येऊन माणूस तिथे खरंच झोपतो का, ते बघायचं, एकापेक्षा जास्त रात्री. निवडणूक आयोगाचीच ही पद्धत आहे. अडचण एवढीच की बीएलओ येतो त्याच आठवड्यात गाडीही आली तर माणूस जागेवर सापडत नाही आणि फॉर्म बाद. कागद टिकले, माणूस एका जागी टिकला, तर तो मोजला जातो. लॉकरची कल्पना तिथून आली.

जुनं थोडं सांगू द्या, कारण आपल्या गिरणगावात हे आभाळातून पडलेलं नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. माझे वडील त्यातले, तुमच्यातल्या निम्म्यांचेही असतील. भोंगा थांबला आणि चाळीतली अठरा-वीस वर्षांची पोरं नाक्यावर आली. काही टोळ्यांत गेली. काही गर्दवर गेली, तेव्हा पुडी हातोहात मिळायची. माझा सख्खा चुलतभाऊ पन्नी ओढायचा. आधी घरातली पितळी भांडी गेली, मग काकीच्या पाटल्या, मग काकाने दार बंद केलं. शेवटची दोन वर्षं तो एल्फिन्स्टनच्या पुलाखाली होता. काकी डबा द्यायची माझ्या हाती, काकाला कळू न देता. तोच पूल गेल्या सप्टेंबरात पाडायला बंद केला तेव्हा मी मुद्दाम बघायला गेलो होतो. 'गर्दुल्ला' हा शब्द तेव्हाचाच, आपल्या मुंबईनेच केलेला. त्या शब्दात माणसाचं नाव राहत नाही, म्हणून मला तो आता आवडत नाही.

आणि गिरण्यांच्या जमिनीचं काय झालं तेही तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. १९९१ च्या नियमाप्रमाणे तिसरा हिस्सा पालिकेला मोकळ्या जागेसाठी, तिसरा म्हाडाला घरांसाठी मिळायचा होता. २००१ मध्ये नियम बदलला, हिस्सा फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरता राहिला. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बदल कायम ठेवला. एका ओळीच्या बदलाने किती घरं गेली ते लालबागच्या पुलावरून जाताना दोन्ही बाजूंना बघा. गिरणी कामगार आणि वारसांचे दीड लाखावर अर्ज पडलेत. झोपडीवाल्याला निदान पुनर्वसनाची कट-ऑफ डेट तरी मिळत गेली, १९९५, मग २०००, मग पैसे भरून २०११. फुटपाथवाल्यासाठी कुणी तारीख लांबवत बसत नाही, कारण त्याची मतपेटी नाही. १९८१ च्या पावसाळ्यात त्यांना उचलून गावी पाठवायचा हुकूम निघाला होता. त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा १९८५ चा निकाल वकील लोक अजून शिकतात. जगण्याच्या हक्कात पोट भरायचा हक्क येतो, असं कोर्टाने म्हटलं. आणि नोटीस देऊन उठवता येईल, असंही म्हटलं.

आता कायदा-सुव्यवस्थेचं. सोसायट्यांची तक्रार खरी आहे. मोबाइल हिसकावतात, गटाराची झाकणं जातात, वायरी कापून तांबं भंगारात विकतात. आमच्याच मंडपाची केबल दोनदा गेली. पण पोलिसांत देऊन काय होतं, तेही आम्ही वर्षानुवर्षं बघतोय. नशा केली म्हणून एनडीपीएसचं, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं, कलम २७ लागतं, दंड किंवा थोडे दिवस आत, बाहेर आला की परत तोच खांब. रात्री संशयास्पद फिरताना दिसला म्हणून महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १२२ आहेच. भीक मागितली तर १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आणि चेंबूरचं भिक्षेकरी गृह. माल बनवणारे मात्र आपल्या पुलाखाली राहत नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभ एमआयडीसीतून शेकडो किलो एमडी पकडलं, तो कारखाना होता, शेड आणि लायसन्ससकट.

याच एनडीपीएस कायद्यात कलम ६४-अ आहे. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. ते कलम फारसं कुणी वापरताना आम्हाला दिसलं नाही. गर्दवाल्यांसाठी सरकारी ओएसटी केंद्रात, म्हणजे गर्दऐवजी पर्यायी औषध देतात तिथे, जिभेखाली ठेवायची गोळी फुकट मिळते. ती रोज तिथे जाऊन, समोर घ्यावी लागते. आपल्या इथला एक जण सात महिने न चुकता जात होता, दाढी करायला लागला होता, गावी फोन करायला लागला होता. मग एका रात्री उचलाउचल झाली, चार दिवस तो लांबच्या हद्दीत अडकला. दुसऱ्या दिवशी टर्की लागली, अंग मोडून आलं, जुलाब, उलट्या. तिसऱ्या दिवशी त्याने पुडी घेतली. केंद्राचं कार्डही त्या रात्रीच गेलं होतं. तो परत आलाय, परत पहिल्यापासून सुरू केलंय. (घरात कुणी असेल तर १४४४६ हा सरकारी नशामुक्तीचा फुकट नंबर आहे. लाजू नका, आमच्या काकाने लाजण्यात वर्षं घालवली.)

निवारे का नाहीत, असं कुणी विचारेल. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय, लाख वस्तीमागे चोवीस तास चालणारा एक निवारा. २०११ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती १ कोटी २४ लाख, म्हणजे सव्वाशेच्या घरात निवारे हवेत. त्याच जनगणनेत बेघर सुमारे ५७ हजार मोजले. निवारे त्या सव्वाशेच्या निम्मेही नाहीत, आणि आहेत त्यातले बरेच लहान मुलांसाठी. आपल्या विभागात जागा मागितली की उत्तर येतं, स्थानिकांचा विरोध आहे. स्थानिक म्हणजे आपणच. एका सभेत मीही उठून विरोध केला होता, २०१४ ला. ते इतिवृत्तात आहे.

तर हिशेब. चाळीस लॉकर, गोदामाच्या त्या भिंतीचं लिकेज, एक ट्यूबलाइट, एक कुलूपवाली जाळी आणि कागदांच्या झेरॉक्स-लॅमिनेशनसाठी वर्षाचा खर्च, मिळून एक लाख नव्वद हजार. पंचावन्न हजार मागच्या वर्षीच्या शिलकीतून सर्वसाधारण सभेने मंजूर केलेत. उरलेले तुमच्याकडे मागतोय. शंभरची पावतीही फाडू. आयकरातली ८०-जीची सवलत आपल्या मंडळाला नाही, ते आधीच सांगतो. खर्चाचा कागद दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फळ्यावर लागेल, बिलांसकट.

दोन राजकीय पक्षांच्या मंडळींनी पूर्ण रक्कम देऊ केली होती. लॉकरच्या दारांवर फोटो हवे होते. कार्यकारिणीत दोन तास वाद झाला, तरुण पोरं म्हणाली घ्या, काय फरक पडतो. शेवटी नाही म्हटलं. पुढची निवडणूक आली की फोटो बदलायला कुणीतरी कुलूप मागणार, आणि चावी त्या माणसाच्या हातात राहणार नाही. त्यांनी वर्गणीदार म्हणून द्यावी, पावती त्यांनाही मिळेल.

कृपा करून जुने कपडे आणू नका. मागच्या दिवाळीत आम्हाला तीन शेरवान्या आल्या. जेवणाचंही हॉस्पिटलच्या बाहेर कमी नाही, गुरुवारी तर खिचडी उरते. कमी आहे ती माणसं. आठवड्यातून एक रात्र, दहा ते बारा, लॉकरच्या रजिस्टरवर बसायला. वाचता-लिहिता येणारी, हिंदी बरं असलेली. फॉर्म ६ भरून द्यायला आणि बीएलओ येईल त्या रात्री सोबत थांबायला. नर्स किंवा निवृत्त कंपाउंडर असाल तर ड्रेसिंगला. आमचा जखमेत औषधापेक्षा धीरच जास्त जातो. आणि प्रभाग समितीची पुढची बैठक असेल तेव्हा आपल्या गल्लीतले निदान पंचवीस मतदार आमच्या बरोबर चला. बोलायला आम्ही आहोत, तुम्ही फक्त उभे राहा. तिथे मोजतात, ते आता कळलंय.

मंडळाचं शटर रोज संध्याकाळी सातनंतर उघडं असतं, रविवारी सकाळीही. लॉकरचा नमुना एक आणून ठेवलाय, दार उघडून बघा. बिजागरी जरा कुरकुरते, ती बदलून मागितली आहे. पैसे दिलेत तर पावती घेतल्याशिवाय जाऊ नका.

आपला,
सचिव
(कार्यकारिणीच्या वतीने)