यण्णीमज्जनाला चार ओळींपेक्षा जास्त जागा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संक्रांत तोंडावर आली. होम मैदानावर पाळण्यांचे सांगाडे उभे राहू लागलेत, रात्री काठी, म्हणजे मिरवणुकीतला उंच नंदीध्वज, पेलण्याच्या सरावाचा 'बोला हर्र' ऐकू येतो आणि आपल्या अंकात गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, बातम्या सुरू झाल्या आहेत. वाहतुकीतले बदल, पार्किंग, पोलीस बंदोबस्त हे सगळे छापायलाच हवे. पण सिद्धेश्वर यात्रेतला एक दिवस दर वर्षी झाकोळून जातो. तो म्हणजे 13 जानेवारी, 68 लिंगांच्या तैलाभिषेकाचा, आपल्या सोलापुरी बोलण्यातल्या यण्णीमज्जनाचा. दुसऱ्या दिवशीच्या अक्षता सोहळ्याला पानभर जागा मिळते, यण्णीमज्जनाला चार ओळी. यात्रेचा पाया मात्र त्या चार ओळींत आहे, असे माझे ठाम मत आहे.

सिद्धरामांची, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांची, कथा आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक असते, निदान असायची. बाराव्या शतकातले सोन्नलगी गाव, म्हणजे आजचे सोलापूर. मुद्दगौडा आणि सुग्गलादेवी यांचा हा अबोल मुलगा रानात गुरे राखत असताना जंगमाच्या, म्हणजे फिरत्या शिवभक्ताच्या, रूपात मल्लय्या, श्रीशैलचा मल्लिकार्जुन, येतो. आधी हुरडा खातो, मग पोटात आग पडली म्हणून दहीभात मागतो. पोरगा धावत घरी जातो, भात घेऊन येतो, तर जंगम गायब. 'मल्लय्या, मल्लय्या' अशा हाका मारत तो यात्रेकरूंबरोबर थेट श्रीशैलला पोहोचतो. तिथे लोक त्याला लिंग दाखवतात, पण त्याला हवा असतो आपला दहीभात मागणारा मल्लय्या. शेवटी तो कड्यावरून उडी टाकायला निघतो, तेव्हा मल्लिकार्जुन त्याचा हात धरतो आणि सांगतो, मागे जा, तुझ्या गावाचे श्रीशैल कर.

मला या कथेत सगळ्यात मोठे वाटते ते हे 'मागे जा'. देव भेटल्यावर सिद्धराम तिथे राहिले नाहीत. गावी परतले, पंचक्रोशीत 68 लिंगे स्थापन केली आणि लोकांना हाताशी घेऊन तळे खोदले. ज्याच्या पायात श्रीशैल गाठण्याचे बळ नव्हते, त्याला तीर्थ घराजवळ मिळाले. दुष्काळी मुलखात पाणीही मिळाले. आज आपण तळ्यातल्या बेटासारख्या दिसणाऱ्या ज्या मंदिरात दर्शनाला जातो, ज्याच्या आवारात सिद्धरामांची समाधी आहे, ते या साऱ्या रचनेचे मध्य आहे. मध्य सांभाळायचा आणि भोवतालची रचना विसरायची, असे आपले चालले आहे.

कोणी म्हणेल, शरणांनी, म्हणजे बसवण्णांच्या परंपरेतल्या संतांनी, तर देहालाच देऊळ म्हटले, मग दगडी लिंगांचे एवढे काय घेऊन बसलात? हा प्रश्न खुद्द सिद्धरामांना शरण संत अल्लमप्रभूंनी विचारला होता. तळ्याचे काम चालू असताना अल्लमप्रभू आले आणि 'कुठे आहे तो तुमचा वड्डर (दगड-माती खोदणारा)?' असे त्यांनी खोदणाऱ्यांना विचारले. चिडलेल्या लोकांनी त्यांच्यावर दगडांचा मारा केला, अशी कन्नड शरण परंपरेतली कथा आहे. पुढे दोघे कर्नाटकातल्या कल्याणला, आजच्या बसवकल्याणला, गेले आणि चन्नबसवण्णांकडून सिद्धरामांनी इष्टलिंगाची, म्हणजे अंगावर धारण करायच्या लिंगाची, दीक्षा घेतली. म्हणजे बाहेरून आत असा प्रवास त्यांचाही झाला. पण म्हणून तळे कोणी बुजवले नाही. लिंगेही कोणी उपटली नाहीत. कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाची नाममुद्रा आपल्या वचनांवर उमटवणाऱ्या या माणसाने केलेले गावाचे काम त्याच्या साधनेइतकेच खरे होते.

आता विधीकडे येतो. सिद्धरामांशी लग्न करायचे असा हट्ट धरणाऱ्या कुंभारकन्येला त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची परवानगी दिली. आपले सात नंदीध्वज हे त्या योगदंडाचे रूप. लग्न म्हटले की आधी तेल-हळद आलीच. म्हणून 13 तारखेला नंदीध्वज उत्तर कसब्यातल्या मानकरी हिरेहब्बूंच्या वाड्यापासून निघतात आणि 68 लिंगांना तेल लावत गावाला फेरी घालतात. 14 तारखेला संमती कट्ट्यावर सुगडी पूजन, मग कन्नडमधून संमती वाचन, आणि 'सत्यम् सत्यम्, दिड्यम् दिड्यम्' म्हणत लाखो हातांनी पडणाऱ्या अक्षता. 15 ला होम मैदानावर पेंढीला शालू नेसवून, मणी-मंगळसूत्र घालून कुंभारकन्येचा होमविधी. त्या रात्री दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, गूळ, खोबरे, बोरे, गाजर मांडून भाकणूक होते. वासराने काय हुंगले, कशाला तोंड लावले यावरून वर्षाचा पाऊस आणि बाजारभाव सांगतात. पुढे शोभेचे दारूकाम, आणि बाळीवेशीतल्या मल्लिकार्जुन मंदिरात कप्पडकळीने, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रे उतरवून, सांगता. ही एक सलग गोष्ट आहे. तिचा पहिलाच अध्याय गाळला तर पुढचे लग्न कोणाचे आणि कशासाठी, हे नव्या पोरांना कळणार कसे?

काठी पेलणाऱ्याला कधी जवळून पाहा. पांढरी बाराबंदी घामाने पाठीला चिकटलेली, कमरेच्या पट्ट्यात काठीचा बुंधा, दोन्ही हात काठीवर आणि नजर सतत वर, खोबऱ्याच्या वाट्यांच्या हारावर. भोवतीचे गडी दोर सांभाळत असतात, पण तोल एकट्याने राखायचा. त्यात मानाचे नंदीध्वज वेगवेगळ्या समाजांचे, लिंगायत माळी, विश्वब्राह्मण, मातंग. रस्त्यावर पाणी शिंपणाऱ्या बाया तेलुगू बोलतात, हलगीवाला मराठी, म्हातारे मानकरी कन्नड. हे सोलापूर मला अक्षतेच्या गर्दीपेक्षा यण्णीमज्जनाच्या वाटेवर जास्त स्पष्ट दिसते, कारण इथे मिरवणूक लोकांच्या दारात येते.

आणि ज्या लिंगांपर्यंत ती येते त्यांची अवस्था काय? काहींची देखभाल भाविक आणि शेजारपाजारचे लोक मनापासून करतात, त्यांचे ऋण मोठे आहे. पण आमच्याच भागातल्या एका लिंगाच्या चौथऱ्याला टेकून कचऱ्याचा ढीग लागतो आणि वर वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक लटकतात. 12 तारखेच्या रात्री ते उतरवायचे, 14 ला पुन्हा चढवायचे. दुसरा धोका भक्तीतून येतो. जीर्णोद्धार म्हणून चकचकीत टाइल्स बसवायच्या, स्टीलचे कठडे लावायचे, जुन्या दगडाला ऑइलपेंटचा भडक रंग फासायचा. रंगाचे थर चढले की छिन्नीची रेघ बुजते, दगडाचा काळ वाचता येत नाही. भुईकोट किल्ल्यात उत्खननातून उघडे पडलेले मल्लिकार्जुनाचे जुने मंदिर एकदा निवांत पाहावे. कोरीव खांब, दगडी चौथरा, ना रंग ना टाइल. शिखर नसले तरी ते देऊळ आपले वय लपवत नाही.

माझे मागणे फार खर्चाचे नाही. प्रत्येक लिंगाजवळ त्याचा क्रमांक आणि नाव लिहिलेला साधा दगडी फलक असावा, मराठीत आणि कन्नडमध्ये, जमल्यास तेलुगूतही. मिरवणूक मार्गावरच्या लोंबत्या तारा आणि तुंबलेली गटारे 12 तारखेला नव्हे, महिनाभर आधी पाहावीत. लिंगाच्या चौथऱ्यावर फलक लावण्यास कायमची बंदी असावी, आणि दुरुस्ती करायची तर जुना दगड जाणणाऱ्याला विचारून करावी. गल्लीतल्या तालमी आणि मंडळांनी आपापले लिंग वर्षभर दत्तक घ्यावे. शाळांनी चौथी-पाचवीच्या मुलांना निदान आपल्या वॉर्डातली लिंगे चालत दाखवावीत.

आपल्याकडून अपेक्षा एवढीच. रोज एका लिंगाचे छायाचित्र, ते नेमके कुठे आहे आणि त्याची आजची स्थिती काय, असे 68 दिवस छापा. शहरातला वाचक आपण होऊन माहिती आणि जुने फोटो पाठवील. तोवर या 13 तारखेला आपल्या छायाचित्रकाराला हिरेहब्बू वाड्यावर सकाळीच पाठवा आणि पहिला फोटो मिळाला की परत बोलावू नका, शेवटच्या लिंगापर्यंत मिरवणुकीबरोबर चालू द्या.

आपला,
एक वाचक, उत्तर कसबा, सोलापूर