जर्मनीला पाठवताना पहिला महिनाही शिकवा

महोदय,

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात भाषेवर भर आहे, तो रास्तच. पण तिथे उतरलेला माणूस पहिल्या महिन्यात व्याकरणापेक्षा पत्रपेटीपायी जास्त अडतो.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत स्थानिक कार्यालयात 'आनमेल्डुंग', म्हणजे पत्त्याची नोंद, करावी लागते. त्यासाठी पासपोर्ट आणि घरमालकाच्या सहीचा, राहायला आल्याचा दाखला लागतो. नुसता भाडेकरार चालत नाही. मोठ्या शहरांत भेटीची वेळ लवकर मिळत नाही, म्हणून घर पक्के होताच ती घेऊन ठेवावी. नोंद झाली की कर क्रमांक टपालाने येतो आणि घोळ इथेच होतो. तिथल्या पत्त्यात बहुधा फ्लॅटचा क्रमांकच नसतो. पोस्टमन पेटीवरचे आडनाव बघून पत्र टाकतो. मित्राकडे उतरलेल्याचे नाव पेटीवर नसले, की पत्र आल्या वाटेने परत. कर क्रमांक कंपनीला वेळेत दिला नाही, तर पगारातून सर्वांत जड वर्गाने कर कापला जाऊ शकतो. तो पुढे परत मिळतो, पण हात आखडलेला असतो नेमका सुरुवातीलाच. म्हणून पासपोर्टवर आहे तेच आडनाव पहिल्याच दिवशी पेटीवर आणि घंटीवर चिकटवावे.

नोंदीनंतर रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचे पत्र येते: महिना १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो. ती माणशी नाही, घरटी आहे. सोबतचा कुणी आधीच भरत असेल, तर त्याचा वर्गणी क्रमांक कळवावा. फसवणूक समजून पत्र फेकले, तर मागे थकबाकी लागते.

हिवाळ्यात आपल्या स्वयंपाकाची वाफ आणि खोलीत वाळत घातलेले कपडे भिंतीला बुरशी आणतात. खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवणे हा त्यावर उपाय नव्हे. त्याने खिडकीभोवतीची भिंत गार पडते आणि वाफ तिथेच धरते. हीटर बंद करून खिडक्या सताड उघडाव्यात, पाच ते दहा मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. घर सोडताना त्या काळ्या डागांवरून अनामतीचा वाद होतो.

आपल्याकडे पाण्याची बाटली चुरगाळून टाकायला शिकवतात. तिथे ती तशीच ठेवावी. दुकानातले यंत्र बारकोड वाचून एकदाच वापरायच्या बाटलीमागे अनामतीचे २५ सेंट परत देते; चेपलेली बाटली बहुधा नाकारते.

निघण्याआधी वर्गात एखादा भाडेकरारही ओळीने वाचून घ्यावा. मूळ भाडे वेगळे, पाणी-हीटिंगसह भाडे वेगळे. अनामत मूळ भाड्याच्या तिपटीहून जास्त मागता येत नाही आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला कायद्याने आहे.

— जर्मन भाषेचे एक शिक्षक, पुणे