मंत्रिमहोदय, भूतकाळात बोला

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, एखादी भयंकर घटना घडली की आपण आणि आपले सहकारी काय बोलणार हे आता आम्हाला तोंडपाठ झालं आहे. 'कोणाचीही गय केली जाणार नाही.' 'खटला फास्ट ट्रॅक कोर्टात चालवू.' 'यात कोणी राजकारण आणू नये.' सरकारं बदलली तरी मजकूर तोच राहतो. मी शाळेत मराठी व्याकरण शिकवलं, म्हणून असेल, मला पहिल्यांदा क्रियापदं दिसतात. करू, देऊ, सोडणार नाही. सगळा भविष्यकाळ. लोक विचारतात ते मात्र भूतकाळातलं असतं: तक्रार किती वाजता आली, आणि घेतली किती वाजता?

बदलापूर आठवा. ऑगस्ट 2024. शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला आणि त्यांच्या पालकांना गुन्हा नोंदवण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळावं लागलं. 20 ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, लोकल दिवसभर ठप्प झाली. तेव्हा सरकारकडून ऐकू काय आलं? आंदोलक बाहेरचे आहेत, आंदोलन राजकीय हेतूने आहे. दोन दिवसांनी उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि शाळेने पोलिसांना का कळवलं नाही, असं विचारलं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार कळवणं बंधनकारक आहे, न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम 21 खाली वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. हा प्रश्न पहिल्याच दिवशी एखाद्या मंत्र्याने विचारायला काय हरकत होती? संस्थाचालकांना अटक व्हायला ऑक्टोबर उजाडला. त्याआधी 23 सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या ताब्यात असतानाच गोळी लागून मेला आणि 'बदला पुरा'चे फलक झळकले. गुन्हा नोंदवायला उशीर का झाला, याचं उत्तर त्या फलकांवर कुठे होतं?

आता पुण्यातलं स्वारगेट. 25 फेब्रुवारी 2025 च्या पहाटे आगारात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये तरुणीवर बलात्कार झाला. पोलीस ठाणं हाकेच्या अंतरावर. आपले गृहराज्यमंत्री योगेश कदम तिथे गेले आणि म्हणाले की सगळं शांततेत घडलं, झटापट झाली नाही, म्हणून आसपासच्या लोकांना संशय आला नाही. पोलिसांनी दिलेली माहितीच आपण सांगितली, असा खुलासा त्यांनी नंतर केला. तो मान्य केला तरी एक गोष्ट खटकते. मंत्री एकदाचे भूतकाळात बोलले, आणि बोलले ते तिच्या प्रतिकाराबद्दल! बसचं दार उघडं का होतं, त्या वेळी पहाऱ्यावर कोण होतं, याबद्दल नाही.

शब्दांची किंमत मोजावी लागते असा एक काळ होऊन गेला. 2008 मध्ये मुंबईवरच्या हल्ल्यानंतर आर. आर. पाटील मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना घडतात अशा अर्थाचं बोलून गेले, आणि 1 डिसेंबरला त्यांना गृहखातं सोडावं लागलं. (वर्षभराने ते त्याच खात्यात परतले, तो भाग वेगळा.) मला राजीनामे नकोत. राजीनाम्याने चर्चा माणसाभोवती फिरते आणि ठाण्यातली नोंदवही तशीच बंद राहते.

आमच्याकडे शाळा, पतसंस्था, रुग्णालय यांच्या मंडळावर कोणत्या ना कोणत्या पक्षाचं माणूस असतंच. त्यामुळे संस्थेचं नाव आलं की स्थानिक आमदाराची जीभ एकाएकी सावध होते. 'चौकशी सुरू आहे, आता बोलणं योग्य नाही.' तोच आमदार दुसऱ्या संस्थेत काही घडलं की फाशीची मागणी करतो. पक्षाच्या प्रवक्त्यांना याबद्दल दटावायचं असेल तर ते काम आपलंच आहे.

माझी विनंती छोटी आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच ललिताकुमारी प्रकरणात सांगितलं आहे. तेव्हा पुढच्या वेळी माइक समोर आला की 'गय'पासून सुरुवात करू नका. फिर्यादी ठाण्यात किती वाजता आला, गुन्हा किती वाजता नोंदवला आणि मधल्या वेळेत ठाणे अंमलदार काय करत होते, एवढं सांगा. पीडितेची ओळख उघड न करता हे सगळं सांगता येतं. माहिती नसेल तर 'संध्याकाळी सहापर्यंत सांगतो' म्हणा, आणि सहा वाजता या. तेवढा भविष्यकाळ मी चालवून घेईन.

कळावे,
एक निवृत्त मराठी शिक्षक