बाबा, त्या खुर्चीवर बसा की

आई-बाबा,

प्रभू येशूत सप्रेम नमस्कार.

फोनवर तुमच्या तब्येतीचा विषय काढला की आई लगेच "जेवलीस काय" विचारते आणि बाबा फोन आईकडे देऊन मोकळे होतात, म्हणून टाइप करून पाठवतेय. दादाच्या पोराला म्हणावं सावकाश वाचून दाखव, मधलं काही गाळू नको.

दादाकडून कळलं की बाबांना डाव्या डोळ्यानं धूसर दिसतंय आणि तरी अंधार पडताना सायकल घेऊन नंदगडला जातात, आणि आईचा गुडघा पावसाळ्यापासून सुजलाय. विचारलं तर दोघांचं एकच, तुला कशाला त्रास, तुझी ड्युटी असते. हे "तुला कशाला त्रास" आपल्या घरात प्रेम म्हणूनच बोललं जातं, मला माहीत आहे, पण खरं सांगू, मला ते अर्धंच प्रेम वाटतं.

द्यायला तर तुम्हीच शिकवलं आम्हाला. बांधावरून ज्या काकूनं आपल्याशी भांडण केलं, वर्षानुवर्षं बोलणं बंद, कोर्टापर्यंत गेलं प्रकरण, ती पडून अंथरुणाला खिळली तेव्हा आई तू रोज पेज घेऊन गेलीस, तिचे केस विंचरलेस, आणि घरी येऊन बांधाचा बां सुद्धा काढला नाहीस. लग्नात करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय वाचतात, प्रीती स्वार्थ पाहत नाही, अपकार स्मरत नाही, सगळे ऐकतात आणि जेवायला जातात. पण पौलानं ते लग्नासाठी लिहिलंच नव्हतं. करिंथच्या मंडळीत भांडणं लागली होती, कोण पौलाचा कोण दुसऱ्या उपदेशकाचा, अपुल्लोसाचा, असे गट पडले होते, भाऊ भावाला कोर्टात खेचत होता, प्रभुभोजनाला जमले की एक जण भरपेट खायचा आणि दुसरा उपाशी राहायचा, अशा लोकांना लिहिलंय ते. म्हणजे आपल्या बांधासारख्या जागेसाठीच. मला तो अध्याय प्रवचनातून नाही कळला, तुझ्या पेजेच्या डब्यातून कळला.

पण आई, एक विचार कर. काकूनं तेव्हा तोंड फिरवून "नको तुझी पेज" म्हटलं असतं तर? तुझं सगळं प्रेम दारातच उभं राहिलं असतं की. तिनं घेतलं म्हणून ते पोचलं. आणि मला तर वाटतं त्या दिवसात तुझ्यापेक्षा तिला जास्त जड गेलं असेल, जिच्याशी भांडलो तिच्याच हातचं खायचं.

बाबा, आता तुमचं. ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारच्या मिस्सेला पाय धुवायच्या विधीसाठी फादरनी तुम्हाला बारा जणांत खुर्चीवर बसायला सांगितलं होतं, तुम्ही म्हणालात माझे शेतातले पाय, दुसऱ्या कुणाला तरी बसवा. सगळ्यांना वाटलं किती नम्र माणूस. पण योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात, शेवटच्या जेवणाला येशू शिष्यांचे पाय धुतो तेव्हा, पेत्र हेच म्हणतो, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. आणि येशू त्याला शाबासकी देत नाही, म्हणतो मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. किती कडक बोलणं. त्याच टेबलाला येशूला धरून देणारा यहूदा बसलेला, तो भाकरीचा घास घेऊन नंतर बाहेर गेला, म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले होते, पण अडला तो पेत्र, ज्याचं सगळ्यात जास्त प्रेम होतं.

पोप फ्रान्सिस २०१३ साली निवडून आले आणि त्याच महिन्यात पवित्र गुरुवारी रोमच्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन बारा पोरापोरींचे पाय धुतले, त्यात मुस्लिम मुलंही होती. तो फोटो बघून सगळे पोपचं कौतुक करतात, करायलाच पाहिजे, पण मी त्या पोरांचा विचार करते. चप्पल काढून, पाय पुढे करून, जगासमोर बसायचं. सोपं नाही ते.

आणि येशू स्वतः काय फक्त देतच होता? विहिरीवर शोमरोनी बाईकडे त्यानं पाणी मागितलं. लूकच्या आठव्या अध्यायात योहान्ना, सुसान्ना अशा बायकांची नावं आहेत ज्या आपल्या पदरचं घालून त्याचा आणि शिष्यांचा खर्च चालवायच्या. आणि बेथानीत लाजराच्या बहिणीनं, मरियेनं, जटामांसीचं अत्तर त्याच्या पायांना लावलं, ३०० दीनारांचं, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई, यहूदा कुरकुरला आणि येशू म्हणाला राहू दे तिला. हे वल्हांडण सणाच्या सहा दिवस आधी. म्हणजे दुसऱ्यांचे पाय धुवायच्या थोडे दिवस आधीच त्यानं स्वतःचे पाय एका बाईच्या हातात दिले होते! हे मला अलीकडेच, नाइट ड्युटीला वाचताना लक्षात आलं आणि तुम्ही दोघं डोळ्यांसमोर आलात.

इथं वॉर्डात रोज बघते मी. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी राबलेली माणसंच सगळ्यात जास्त अवघडतात, पाणी द्यायला गेलं तरी माफी मागतात. मी अनोळखी लोकांचे पाय पुसते, जखमा बांधते, ते करू देतात, आणि माझ्या आईच्या गुडघ्याला हात लावायला मला परवानगी नाही. ओझं व्हायचं नाही म्हणता, पण ओझं कोण म्हणालं? तुमची सेवा करताना मला, दादाला, वैनीला प्रेम करायला शिकायचंय, ते तुम्ही अडवताय, हेच मला सांगायचं होतं.

तर ऐका. बाबांच्या डोळ्यासाठी पुढच्या मंगळवारची तारीख घेतलीय, मोतीबिंदूच असणार, आधी डॉक्टरांना तपासू तर द्या. आईनं पण यायचं, गुडघ्याचा एक्स-रे त्याच दिवशी काढू. खानापूरहून सकाळची बस धरा, मी बेळगावच्या स्टँडवर उभी असते. आई, कर्नाटकात बायकांना बस फुकट म्हणून तुला तिकिटाचे पैसे लागत नाहीत तरी आधार कार्ड पिशवीत ठेव, मागच्या वेळी विसरली होतीस. पैशाचा विषय काढायचा नाही. आणि डबा करून आणू नकोस, त्या दिवशी माझ्याकडं जेवायचं.

तुमची,
बाय