जार पडायची वाट बघू नका, वासराला आधी चीक पाजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्याकडं सहा संकरित गाया आहेत. मागच्या पावसाळ्यात पहिलारू गाय रात्री दहाला व्याली, कालवड झाली, घरात सगळे खुश. पण आई म्हणाली जार (व्यायल्यावर पडणारी वार) पडल्याशिवाय चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध, पाजायचा नसतो, मीपण लहानपणापासून तेच ऐकत आलोय, म्हणून थांबलो. जार पडायला सकाळचे नऊ वाजले. तिसऱ्या दिवशी कालवडीला पांढरी पातळ हगवण लागली, गावठी औषधात एक दिवस गेला आणि डॉक्टर आले तेव्हा डोळे खोल गेलेले, कान गार, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहिली. संध्याकाळी कालवड गेली.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं ते सगळ्यांना कळावं म्हणून लिहितोय. पोटात असताना वासराला गाईकडून रोगाशी लढायची ताकद मिळत नाही, ती चिकातूनच येते आणि 24 तासांनंतर वासराचं आतडं ती जवळजवळ घेतच नाही. म्हणून पहिल्या एक-दोन तासांतच पाजायचं, दिवसभरात वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे 30 किलोच्या वासराला 3 लिटर, थोडा थोडा करून. उलट वासरू प्यायला लागलं की जार पडायला मदतच होते. खरवस उरलेल्या चिकाचा करा की, कोण नको म्हणतंय! नाळेला टिंक्चर आयोडीन पण लगेच लावायचं.

आता मी गोठ्यात थर्मामीटर ठेवलाय. वासरू दुधाला पुढं आलं नाही की आधी ताप बघतो, 103 च्या वर गेला की डॉक्टरांना फोन, हगवण दिसली की लगेच मीठ-साखरेचं पाणी चालू. आणि गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली, म्हणजे गर्भ पडला, तर नुसतं नशीब म्हणून सोडू नका, ब्रुसेल्ला या गर्भ पाडणाऱ्या रोगाची तपासणी करून घ्या, तो जार उघड्या हातानं उचलू नका कारण हा रोग माणसालाही होतो. कालवडींना 4 ते 8 महिन्यांच्या वयात याची लस एकदाच द्यायची असते, सरकारी योजनेत ती फुकट आहे, तरी आमच्या भागात कित्येकांना माहीतच नाही.

दूध संकलन केंद्रावर फॅट आणि दराचा बोर्ड रोज लिहितात, त्याच्या शेजारी चीक कधी आणि किती पाजायचा एवढ्या चार ओळी कायमच्या लिहून ठेवा, हीच सगळ्या केंद्रचालकांना विनंती. दूध घालायला सगळेच तिथं येतात, पशुवैद्यकीय दवाखान्यात वासरू पडल्यावरच जातात.

आपला,
एक दूध उत्पादक, ता. फलटण