दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना

तीर्थस्वरूप काकांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

मायना लिहितानाच अडले. 'गुरुजी' म्हटलेलं तुम्हांला कधी चाललं नाही, आणि नुसतं 'शेजारचे काका' म्हणून माझं भागत नाही. चांगदेवांनाही मायन्याचंच कोडं पडलं होतं, ही गोष्ट तुम्हीच मला जिन्यात सांगितलीत. ज्ञानेश्वर वयानं लहान आणि ज्ञानानं मोठे, मग आशीर्वाद लिहायचा की नमस्कार? शेवटी चांगदेवांनी कोरा कागद पाठवला आणि त्याला 65 ओव्यांचं उत्तर आलं. मी मात्र कोरा कागद पाठवणार नाही. सांगायला पुष्कळ आहे आणि ते चारचौघांत सांगायचं आहे, कारण कितीतरी घरांत आज आई नाहीतर वडील सगळं विसरत चालले आहेत आणि त्यांच्या उशाशी माझ्यासारखं कुणीतरी जागं आहे.

आईनं मला पहिल्यांदा 'वहिनी' म्हटलं तो दिवस तुम्हांला आठवत असेल. मी तिची वेणी घालत होते. 'वहिनी, माझी मुलगी शाळेतून आली का हो?' असं तिनं विचारलं. मी बाहेर येऊन पायरीवर बसले. तुम्ही दुधाची पिशवी घेऊन वर येत होतात. काय झालं, असं तुम्ही विचारलं नाहीत. खालच्या कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली आणि तुम्ही म्हणालात, 'ऐक.' शिट्टी थांबली. 'थांबली ना? थांबली हे कशाला कळलं? शोध. पण उत्तर देऊ नकोस.'

मला रागच आला होता, काका. पण रागातही नजर आत वळली, आणि तिथे उत्तर देणारं कुणी सापडलं नाही. शिट्टी नव्हती, ऐकणं तेवढं होतं. क्षणभर मी वहिनीही नव्हते आणि लेकही नव्हते. जिना होता, वरणाचा वास होता, तुमच्या पिशवीतून दोन थेंब पायरीवर पडले होते, आणि यातलं काहीच माझ्यापासून लांब नव्हतं. मग आईनं हाक मारली आणि मी उठले. सगळं मिळून दहा सेकंद झाले असतील.

तुम्ही आयुष्यभर गिरगावात छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवलेत. संध्याकाळी काम सुटलं की खेतवाडीच्या दहाव्या गल्लीत निसर्गदत्त महाराजांच्या पोटमाळ्यावर जाऊन बसायचात. 1981 च्या सप्टेंबरात महाराज गेले, त्याआधीची ही दोन-तीन वर्षं. विडीचं दुकान चालवणारा हा माणूस मराठीत बोलायचा, दुभाष्या ते परदेशी पाहुण्यांना इंग्रजीत सांगायचा, आणि तेवढ्या वेळात तुम्ही डोळे मिटून तेच वाक्य आत मुरू द्यायचात. महाराजांना त्यांच्या गुरूंनी, सिद्धरामेश्वर महाराजांनी, एवढंच सांगितलं होतं की 'मी आहे' ही जाणीव धरून राहा. हे तुम्ही मला सांगितलंत, पण पहिल्या वर्षी अजिबात नाही. आधी शिट्टी, नळाचं पाणी, लोकलचा दांडा.

त्या दांड्याबद्दल लिहायलाच हवं. सकाळची 8.17, डोंबिवली ते दादर, बायकांचा डबा. तुम्ही सांगितलं होतंत, दांडा धर, डोळे मीट आणि बघ, हात आणि दांडा अशा दोन गोष्टी जाणवतात की एकच? मला खात्री होती की दोन. डोळे मिटले तर गारवा होता, दाब होता, थरथर होती. हात कुठे संपतो आणि लोखंड कुठे सुरू होतं ती रेघ शोधत कोपरपासून मुंब्र्यापर्यंत आले आणि ती सापडली नाही. ती रेघ आपण डोळ्यांनी आणि आठवणीनं आखतो. नुसत्या स्पर्शात ती नसते. अद्वैत हा शब्द मी कीर्तनात लहानपणापासून ऐकला होता. तो असा तळहातावर कधी आला नव्हता.

'मुंगी चालत चालत फळापर्यंत जाते, पक्षी थेट फांदीवर उतरतो,' असं म्हणून तुम्ही पिपीलिका मार्ग आणि सिद्धरामेश्वर महाराजांचा विहंगम मार्ग समजावलात. मी म्हटलं, पण पक्षी लगेच उडूनही जातो. 'म्हणून तर पुन्हापुन्हा उतरायचं,' तुम्ही म्हणालात. 'तासभर बसायला तुला वेळ कुठे आहे, पोरी? तीन श्वासांपुरतं उतर. दिवसातून वीसदा उतर.' आईच्या औषधांच्या वेळा, डायपर, ऑफिस, रात्रीची तिची येरझार, या सगळ्यात मला तासाचं ध्यान कुणी सांगितलं असतं तर मी ते आणखी एक न जमलेलं काम म्हणून उरावर घेतलं असतं.

आणखी एका गोष्टीसाठी तुमचे आभार मानायचे आहेत. आईला पाठीवर जखमा झाल्या तेव्हा घरी येऊन 'देह म्हणजे आपण नव्हे' असं सांगणारे काही जण भेटले. ज्याची पाठ सोलली आहे त्याच्यासमोर हे बोलणं मला क्रूर वाटतं, आजही. तुम्ही तसलं एक अक्षर बोलला नाहीत. तुम्ही चादरीचं दुसरं टोक धरलंत. दर गुरुवारी दोन तास तिच्याजवळ बसलात, म्हणून मला झोपता आलं. आणि माझी झोप पार उडाली तेव्हा 'आता प्रश्न-बिश्न बंद, आधी डॉक्टरांकडे जा' असं दटावून मला पाठवलंत. सगळं एकच आहे असं मानणाऱ्या माणसानं चादर उचलायला यावं, हे मी तुमच्याकडे बघून शिकले.

एका गुरुवारी तुम्ही खिशातून शिशाचा एक छोटा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवलात. त्यावर अक्षर नव्हतं. दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा शिशाचीच असते, ती हातानं लावावी लागते, उंचीला कमी म्हणून तिला शाई लागत नाही, आणि ती नसेल तर ओळ उभीच राहत नाही, असं तुम्ही सांगितलंत. मी छापलेलं पान आजवर हजारदा वाचलं असेल, ही जागा कुणीतरी उचलून बसवली आहे हे कधी मनातही आलं नव्हतं. तो तुकडा माझ्या पर्समध्ये पासच्या कप्प्यात आहे.

आता ते सांगते, जे तुम्ही नाशिकला लेकीकडे गेल्यावर घडलं आणि फोनवर मला नीट सांगता आलं नाही.

शेवटच्या दोन महिन्यांत आईला माझं नाव नव्हतं, मग तिचं स्वतःचंही राहिलं नाही. 'तुझं नाव काय?' असं नर्सनं विचारलं की ती घाबरून माझ्याकडे बघायची. त्या नजरेची मला धास्ती बसली होती. एका रात्री दिवे गेले. अंधारात तिचा श्वास ऐकू येईना म्हणून मी घाबरून विचारलं, 'आई, आहेस ना?' आणि ती लगेच, अगदी तिच्या जुन्या ठणठणीत आवाजात म्हणाली, 'आहे की!'

नाव नव्हतं, गाव नव्हतं, लेक नव्हती. आहे की.

मी तिचा हात हातात घेतला आणि डोळे मिटले. तुम्हांला कळेल, मी तिथे काय शोधलं आणि काय सापडलं नाही. दिवे यायला चाळीस मिनिटं लागली. त्यानंतर तिला कुणी नाव विचारलं की मीच मध्ये पडून म्हणायचे, 'तिला विचारा, आहेस का?' आणि ती हसायची. मार्गशीर्षात ती गेली. मी खूप रडले, अजूनही मध्येच रडू येतं, आणि रडू आलं की ते येऊ देते.

मार्चअखेरची कामं उरकली की एप्रिलात नाशिकला येईन. तुमच्या आवडीचे पोह्यांचे पापड आईच्या मापानं, थोडा हिंग जास्त घालून केले आहेत. गुडघ्याला तेल लावता का ते कळवा. काकूंना नमस्कार.

तुमची,
चौथ्या मजल्यावरची