दोन दिवसांची अट

मा. मदत व पुनर्वसन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

१९ ऑगस्ट २०२५ ला मुंबईतली मिठी नदी ३.९ मीटरवर गेली आणि कुर्ल्याच्या क्रांतीनगरातून शेकडो माणसांना बाहेर काढावं लागलं. मी जवळच राहतो. नदी उतरल्यावर तिथल्या घरांत काय उरतं ते दरवेळी बघतो. खोलीभर गाळ, तांदळाचे डबे उपडे, दोघांना उचलणार नाही अशी भिजून जड झालेली गादी, बंद पडलेला फ्रिज. शिलाई मशिनच्या मोटरीत चिखल गेला की त्या बाईचा रोजगारही गेला. एवढं व्हायला चार तास पुरतात.

तुमच्या खात्याचे निकष मात्र विचारतात, घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात होतं का? असेल तर मदत म्हणून कपड्यांचे अडीच हजार, भांड्यांचे अडीच हजार. कृष्णा-पंचगंगेचा पूर आठवडाभर मुक्काम करतो, आणि तिथेही २०१९ मध्ये या अटीवरून लोक संतापले होते. मिठीचं गणितच वेगळं. विहार, पवई हे तलाव भरून नदीत वाहतात, त्यात भरती आली की पाणी तुंबतं, ओहोटी लागली की उतरू लागतं. ओहोटी काही दोन दिवस थांबत नाही, साहेब.

२०२१ मध्ये चिपळूण-महाडच्या पुरानंतर सरकारने हीच अट शिथिल केली होती. पण दरवेळी त्यासाठी वेगळा निर्णय लागतो, आणि निर्णयासाठी ओरड लागते. झोपडपट्टीसाठी ती कोण करणार?

‘काठावर राहता कशाला?’ हे ठरलेलं उत्तर. मिठीच्या मुखाशी भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं, त्याला कुणी अतिक्रमण म्हणत नाही. पुनर्वसन म्हणावं, तर तानसा जलवाहिनीलगतच्या कुटुंबांना रिफायनरीशेजारी माहुलला धाडलं होतं. तिथे जबरदस्तीने पाठवता येणार नाही, हे २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

तेव्हा मुंबईपुरती तरी ही अट कायमची काढा. पाणी किती तास होतं यापेक्षा किती उंच चढलं ते बघा. आणि पंचनामा दुसऱ्याच दिवशी करा. रात्री तिथेच झोपायचं असतं, त्यामुळे गाळ उपसून, फरशी धुऊन लोक मोकळे होतात. मग आलेला कर्मचारी म्हणतो, नुकसान दिसत नाही. भिंतीवर पाण्याची रेघ असते, तेवढी त्याला मोजायला सांगा.

आपला,
एक कुर्लेकर